फरशी भारीतली, फटीला मात्र व्हाइट सिमेंट!

टाइल्स निवडायला दोन दिवस जातात, ग्राउट निवडायला दोन मिनिटंही नाहीत. पुढची वीस वर्षं मात्र घासावी लागते ती फटच. घरात कुठे कोणतं ग्राउट घ्यावं, ते किती लागतं आणि कुठे जास्तीचा खर्च करू नये, याचा हा हिशेब.

सोयाबीनचे पैसे हाती आले की शेलूबाजार परिसरात घरांची कामं निघतात. दिवाळीनंतर पाया, उन्हाळ्यापर्यंत स्लॅब आणि मृग लागायच्या आत फरशी, असा बहुतेकांचा बेत असतो. टाइल्स बघायला घरातली तिघं-चौघं मिळून अकोल्याला किंवा वाशिमला जातात. दहा दुकानं पालथी घालतात, फुटामागे दोन रुपये कमी व्हावेत म्हणून अर्धा तास घासाघीस करतात. मोरबीचा माल घरी येतो, मिस्तरी बसवतो. शेवटच्या दिवशी तो विचारतो, "भाऊ, जॉइंट भराले व्हाइट सिमेंट आणता का?" आणि कुणीतरी गाडीवर जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून एक पिशवी घेऊन येतं. ग्राउटची निवड झाली!

पहिली दिवाळी छान जाते. दुसऱ्या दिवाळीपर्यंत ओट्याखालच्या फटी काळ्या, न्हाणीतल्या पिवळ्या आणि दारापाशी तर भरलेलं सिमेंटच निघून गेलेलं. टाइल तशीच चकचकीत असते, पण फटीमुळे सगळी फरशी जुनाट दिसायला लागते. मग सुरू होतं घासणं. आधी साबण, मग वॉशिंग पावडर, शेवटी ॲसिड.

माझं म्हणणं सरळ आहे. ग्राउट ही शेवटच्या दिवशी उरकायची गोष्ट नाही. टाइल्सची ऑर्डर देतानाच तिचा निर्णय व्हावा आणि पैसा बाजूला काढून ठेवावा. हा पैसा वाटतो त्यापेक्षा कितीतरी कमी आहे, हे पुढच्या हिशेबातून कळेलच.

फट हवी की नको?

सुरुवात इथूनच करावी लागते, कारण आपल्याकडचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. "फट कायले ठेवता? कचरा भरते तिच्यात. जोडाजोड लावून देतो," असं मिस्तरी म्हणतो आणि घरमालकालाही ते पटतं. टाइलला टाइल चिकटवून लावली की फरशी एकसंध दिसते, हे खरं. पण ते काही महिन्यांपुरतं.

टाइल भाजलेली असते. एकाच खोक्यातल्या टाइल्समध्येही लांबी-रुंदीचा बारीक फरक राहतो. तो फरक सामावून घ्यायला फट लागते. दुसरं कारण आपल्या उन्हाचं. तापमान वाढलं की टाइल पसरते. व्हिट्रिफाइड टाइलचं प्रसरण अगदी किरकोळ आहे. एका मीटरला एका अंशामागे मिलिमीटरचा साधारण सात हजारावा... नव्हे, हजारात सात भाग. पण गच्चीचं उदाहरण घ्या. मे महिन्यात पहाटेच्या आणि भर दुपारच्या तापलेल्या फरशीत ३५ अंशांचा फरक धरला, तर १० मीटर लांबीत ही वाढ जवळपास अडीच मिलिमीटर होते. जागा मिळाली नाही की टाइल्स एकमेकींना रेटतात आणि एक दिवस धाडकन आवाज होऊन दोन टाइल्स तंबूसारख्या उभ्या राहतात. अनेक घरांत हे घडलं आहे. लोक त्याला भुताटकी म्हणतात किंवा मालाला नावं ठेवतात. चूक असते ती जोडाजोड लावण्याची.

तिसरं कारण ग्राउटचंच. अर्ध्या मिलिमीटरच्या चिरेत कोणतंही चांगलं ग्राउट खोलवर उतरत नाही. वरवर पुसलं जातं आणि वरवरच निघून जातं. म्हणून घरातल्या मोठ्या टाइल्सना २ ते ३ मिलिमीटर फट ठेवाच. त्यासाठी प्लॅस्टिकचे स्पेसर मिळतात, किंमत अगदी मामुली. भिंतीलगत ५ ते १० मिलिमीटर जागा मोकळी सोडा. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते, दिसत नाही.

ग्राउटचे प्रकार तीन

पहिलं, व्हाइट सिमेंट. हे खरं तर ग्राउट नव्हेच. व्हाइट सिमेंट आणि पाणी, हवा असेल तर रंग. सुकताना ते आकसतं, केसासारख्या चिरा पडतात आणि आत बारीक छिद्रं राहतात. त्या छिद्रांतून पाणी, तेल, मळ आत जातो. एकदा आत गेलेला मळ वरून घासून निघत नाही.

दुसरं, पॉलिमर मिसळलेलं सिमेंट ग्राउट. हे कारखान्यात तयार होऊन पिशवीत येतं. सिमेंट, बारीक वाळू, रंग आणि पॉलिमर. काही प्रकारांत पाण्याऐवजी लॅटेक्सचं द्रावण मिसळायचं असतं. आकसणं कमी, चिवटपणा जास्त, पाणी पिणं कमी.

तिसरं, इपॉक्सी ग्राउट. यात सिमेंट नसतंच. रेझिन, हार्डनर आणि रंगीत बारीक पूड असे तीन भाग असतात. ते मिसळले की रासायनिक क्रिया होऊन दगडासारखा पदार्थ तयार होतो. छिद्रं जवळजवळ नाहीत, म्हणून डाग आत शिरत नाही.

आकडे काय सांगतात?

दुकानदार सगळंच 'एक नंबर' म्हणून विकतो. त्यासाठी एक आंतरराष्ट्रीय मोजमाप आहे, आयएसओ १३००७. त्यात सिमेंटच्या ग्राउटला 'सीजी' आणि रेझिनच्या, म्हणजे इपॉक्सीसारख्या ग्राउटला 'आरजी' असा वर्ग दिलेला आहे. ठरावीक आकाराचा नमुना चार तास पाण्यात ठेवून तो किती पाणी पितो, हे त्यात मोजतात. मर्यादा अशा:

साधं सिमेंट ग्राउट: जास्तीत जास्त १० ग्रॅम.
पाणी कमी पिणारं सुधारित सिमेंट ग्राउट: जास्तीत जास्त ५ ग्रॅम.
इपॉक्सी वर्ग: जास्तीत जास्त ०.१ ग्रॅम.

म्हणजे साध्या सिमेंट ग्राउटला जिथे १० ग्रॅमची मुभा आहे, तिथे इपॉक्सीला तिच्या शंभराव्या भागाची. झिजेचंही तसंच. साध्या सिमेंट ग्राउटला घासण्याच्या चाचणीत २००० घन मिलिमीटर, सुधारित प्रकाराला १०००, तर इपॉक्सी वर्गाला फक्त २५० घन मिलिमीटर झिजण्याची परवानगी आहे. आणि दुकानातून सुटं आणून बादलीत कालवलेलं व्हाइट सिमेंट यातल्या कोणत्याही वर्गाची हमी देत नाही.

सिमेंटचं ग्राउट घेणार असाल तर पिशवीवर 'सीजी-२' आणि पुढे 'डब्ल्यू' व 'ए' ही अक्षरं आहेत का ते बघा. 'डब्ल्यू' म्हणजे पाणी कमी पिणारं, 'ए' म्हणजे कमी झिजणारं. इपॉक्सीच्या डब्यावर 'आरजी' असावं. मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि दुकानात तोच माल मागा.

हळद, ॲसिड आणि खारं पाणी

आपल्या स्वयंपाकघरात फटीचे तीन शत्रू आहेत.

पहिली हळद. शेजारचा हिंगोली जिल्हा हळदीचा, आणि आपल्या रोजच्या फोडणीत ती आहेच. हळदीला चुना लागला की ती लाल होते. कुंकू पूर्वी याच क्रियेने करायचे. सिमेंटमध्येही चुन्याचाच गुण असतो. म्हणून पांढऱ्या सिमेंटच्या फटीवर वरणाचा थेंब सांडला, की डाग आधी पिवळा आणि मग तांबूस दिसतो. घासला तरी त्याची सावली उरतेच. इपॉक्सीवर हळद सांडली तर वेळेत पुसली की जाते. फार वेळ राहिली तर फिकट डाग तिथेही पडतो, हेही खरं. पण तो वरवरचा असतो.

दुसरं ॲसिड. संडास साफ करायच्या बऱ्याच द्रावणांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, आणि सुट्या बाटलीतलं ॲसिड तर त्याहून जहाल. फटीवर ओतलं की फेस येतो आणि घाण निघाल्यासारखं वाटतं. तो फेस घाणीचा नसतो, सिमेंट विरघळल्याचा असतो. दरवेळी फट थोडी खोल होते, अधिक खडबडीत होते आणि पुढच्या वेळी जास्त मळ धरते. आपण स्वच्छ करत नाही, फरशी पोखरत असतो. आणखी एक: ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीत तो जिवावर बेततो.

तिसरं पाणी. बोअरचं पाणी जड. अकोल्याकडे गेलात तर खारपाणपट्ट्यात आणखी खारं. पोछा मारला की पाणी उडून जातं आणि क्षार फटीत राहतात. सिमेंटची फट ते पाणी पिते, म्हणून पांढरे चट्टे आतून वर येत राहतात. यासाठी रंग निवडताना दोन्ही टोकं टाळा. पांढऱ्यावर मळ दिसतो, काळ्यावर क्षार. करडा, मातकट किंवा टाइलच्या रंगाहून एक छटा गडद, असा मधला रंग सगळ्यात जास्त निभावतो.

किती लागेल? हिशेब करून बघा

इपॉक्सीचा किलोचा भाव ऐकला की माणूस दोन पावलं मागे सरकतो. सिमेंट ग्राउटच्या कितीतरी पट तो असतो. पण खरा प्रश्न असा, की आपल्याला लागणार किती किलो?

हिशेब सोपा आहे. टाइलची लांबी आणि रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या. दोन्हींची बेरीज करा, तिला दोन्हींच्या गुणाकाराने भागा. आलेल्या आकड्याला टाइलची जाडी, फटीची रुंदी आणि १.६ यांनी गुणा. उत्तर येतं, एका चौरस मीटरला किती किलो.

दोन बाय दोन फुटी, म्हणजे ६०० बाय ६०० मिलिमीटरची टाइल. जाडी ९, फट ३ मिलिमीटर. १२०० भागिले ३,६०,०००, गुणिले ९, गुणिले ३, गुणिले १.६. उत्तर ०.१४४ किलो. दहा बाय दहा फुटांची खोली म्हणजे ९.२९ चौरस मीटर. तिला लागतं साधारण १.३४ किलो. फट २ मिलिमीटर ठेवली तर ९०० ग्रॅम.

आता लहान घराचा विचार करू. आठ बाय दहाचं स्वयंपाकघर, मोठ्या टाइल्स: १.०७ किलो. चार बाय सहाची न्हाणी, एक फुटी टाइल्स, जाडी ८ आणि फट ३ मिलिमीटर: ०.५७ किलो. दोन्ही मिळून १.६४ किलो. वाया जाणारं धरून दोन किलो. म्हणजे घरातल्या सगळ्यात जास्त मळणाऱ्या दोन जमिनींसाठी दोन किलो इपॉक्सी पुरतं. भिंतींचं वेगळं धरा.

दुकानात किलोचा भाव विचारा, दोनने गुणा, त्यात मिस्तरीची जास्तीची मजुरी मिळवा आणि ही रक्कम टाइल्सच्या बिलाशेजारी ठेवून बघा. मोठ्या टाइल्सच्या जमिनीत फटीचं क्षेत्र शंभरातला जेमतेम एक भाग असतं. त्या एका भागावर वाचवलेले पैसे उरलेल्या ९९ भागांची शोभा घालवतात.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजारांचं अर्थसाहाय्य आहे आणि घराचं क्षेत्र किमान २५ चौरस मीटर. त्या पैशात प्रत्येक रुपया मोजून खर्च होतो, हे मान्य. अशा घरात सगळीकडे इपॉक्सी सुचवणं म्हणजे चेष्टा ठरेल. पण न्हाणी आणि चुलीपुढची जागा एवढ्यापुरता विचार तिथेही परवडू शकतो.

कुठे कोणतं?

'सगळीकडे इपॉक्सीच घ्या' हा आग्रहही मला पटत नाही. तो विकणाऱ्याच्या फायद्याचा आहे.

स्वयंपाकघर, ओट्यामागची भिंत, न्हाणी, संडास, धुण्याची जागा: इपॉक्सी. इथे पाणी, तेल, साबण, हळद सगळं एकत्र येतं.

देवघर: जागा लहान, पण तेल, कुंकू, हळद रोजचंच. इपॉक्सीच बरं.

बैठक आणि झोपायच्या खोल्या: पॉलिमरचं सिमेंट ग्राउट पुरेसं आहे. इथे मळ धुळीचा असतो, तो पोछ्याने निघतो.

गच्ची, अंगण, ऊन लागणारा ओटा: इथे इपॉक्सी टाळा. बरीचशी इपॉक्सी सतत उन्हात राहिली की पिवळी पडते. चांगलं पॉलिमर ग्राउट भरा आणि दर ८ ते १२ फुटांवर एक सांधा सिलिकॉन सीलंटसारख्या लवचिक पदार्थाने भरा, म्हणजे प्रसरणाला जागा राहील.

भिंत आणि जमीन मिळते तो कोपरा: तिथे ग्राउट नको, लवचिक सीलंटच हवं. त्या कोपऱ्यात हालचाल असते आणि कडक ग्राउट तिथे हमखास फुटतं.

सिमेंट ग्राउटवर लावायचं सीलरही मिळतं. चांगलं असतं, पण वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा लावावं लागतं. कमी देखभाल हवी असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका.

चांगला माल, वाईट काम

चांगलं ग्राउट घेऊनही फसवणूक होते, कारण भरणी चुकते. कामाच्या वेळी घरातल्या एकाने तरी समोर थांबावं.

फट रिकामी असावी. टाइल बसवताना खालचा मसाला फटीतून वर येतो. तो ओला असतानाच काढायला सांगा. टाइलच्या जाडीच्या किमान दोन तृतीयांश खोलीपर्यंत फट मोकळी हवी, नाहीतर ग्राउटचा नुसता पापुद्रा बसतो.

घाई नको. सिमेंटच्या मसाल्यावर टाइल्स बसवल्या असतील तर आठवडाभर थांबा. ओल्या फटीत इपॉक्सी धरत नाही.

पाणी मोजून घाला. सिमेंट ग्राउट पातळ केलं की भरायला सोपं जातं, म्हणून मिस्तरी पाणी वाढवतो. तेच पाणी उडून गेल्यावर छिद्रं आणि चिरा उरतात. पिशवीवर लिहिलंय तेवढंच पाणी. उन्हाळ्यात वरून दोन-तीन दिवस हलकं पाणी शिंपडत राहा.

इपॉक्सी थोडी थोडी कालवा. उन्हात ती लवकर घट्ट होते. आपल्या एप्रिल-मेच्या दुपारी डबाभर कालवली तर निम्मी डब्यातच दगड होते. सकाळी लवकर काम करा, लहान घाणी घ्या. तिन्ही भाग डब्यावर दिलेल्या प्रमाणातच घ्या. 'अंदाजे' चालत नाही.

लगेच पुसा. टाइलवर राहिलेला इपॉक्सीचा पातळ थर वाळला की तो काढणं कटकटीचं काम. ओल्या स्पंजने, दर थोड्या वेळाने पाणी बदलत पुसून घ्या. हातात मोजे हवेतच, कारण न वाळलेलं रेझिन त्वचेला बाधतं. आपल्याकडे मोजे कुणी मागत नाही आणि कुणी देतही नाही. एक जोडी आपणच आणून द्यावी.

एक दिवस त्यावर चालू नका. आठवडाभर साबण किंवा तेल सांडू देऊ नका.

ग्राउट काय करू शकत नाही

काही अपेक्षा ग्राउटकडून ठेवूच नयेत.

आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जोत्यात मुरूम नीट दाबून भरला नसेल तर जमीन खचते आणि फटी एका रेषेत उघडतात. तिथे कितीही भारी ग्राउट भरा, पुन्हा फुटणारच. आधी भराव, नंतर कोबा, मग टाइल. हा क्रम नीट नसेल तर ग्राउटवर पैसे घालू नका.

टाइलवर नाणं वाजवून बघा. ढबढब आवाज आला तर खाली पोकळी आहे. पाय पडला की अशी टाइल हलते आणि तिच्याभोवतीचं ग्राउट सुटतं. इलाज टाइल पुन्हा बसवण्याचा आहे, फट भरण्याचा नाही.

आणि ग्राउट म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. न्हाणी स्लॅबवर असेल तर टाइल्सच्या खालीच वॉटरप्रूफिंग करावं लागतं. ते झालं की चोवीस तास पाणी साठवून खाली ओल येते का ते बघा, मगच टाइल्स बसवा. गळती सुरू झाल्यावर फटीत इपॉक्सी भरणं म्हणजे फुटक्या माठाला बाहेरून रंग देणं.

फरशी जुनी असेल तर?

आधी फटीवर पाण्याचा एक थेंब टाका. पाच मिनिटांत तिथला रंग गडद झाला तर फट पाणी पितेय. थेंब तसाच राहिला तर नुसती साफसफाई पुरेल. त्यासाठी खाण्याच्या सोड्याची पाण्यात केलेली पेस्ट, नायलॉनचा ब्रश आणि भरपूर स्वच्छ पाणी. तारेची घासणी नको, ॲसिड तर नकोच.

फट खराब झाली असेल तर जुना मसाला खरवडून काढावा लागतो. फक्त वरून नवा थर दिला तर तो टिकत नाही. अर्धी तरी खोली मोकळी करा. ग्राइंडर चालवणारा हात सराईत नसेल तर टाइलची कड उडते, म्हणून हाताने चालवायचं खरवडणं बरं. धूळ उडते, तोंडाला मास्क बांधा. सगळं घर एकदम काढू नका. आधी न्हाणी करा, मग स्वयंपाकघर. बाकीचं राहिलं तरी चालेल.

सरकारी फरशीचं काय?

घराचा निर्णय आपल्या हातात आहे. पण शाळेतली मुतारी, आरोग्य केंद्र, अंगणवाडी, ग्रामपंचायतीचं सभागृह यांची फरशीही आपल्याच पैशाची. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची दिल्ली दरसूची देशभर संदर्भासाठी वापरली जाते. त्यात व्हिट्रिफाइड फरशीच्या बाबीतच व्हाइट सिमेंट आणि रंग वापरून सांधे भरणं धरलेलं असतं. इपॉक्सीने सांधे भरण्याची बाब स्वतंत्र आहे. त्यात ३ मिलिमीटर रुंद सांधा आणि एक किलो मिश्रणात ०.७० किलो पूड, ०.२० किलो रेझिन, ०.१० किलो हार्डनर असं प्रमाणही दिलेलं आहे.

म्हणजे सोय आहे. ती बाब अंदाजपत्रकात घालायला हवी, आणि ती कुणीतरी मागितल्याशिवाय घातली जात नाही. दवाखान्यातली फट पाणी आणि रक्त पित असेल, तर तो केवळ दिसण्याचा प्रश्न राहत नाही. शाळेची मुतारी कितीही धुतली तरी वास का जात नाही, याचं एक कारण त्या फटीतच असतं. पुढच्या ग्रामसभेत नव्या बांधकामाचा विषय निघाला तर एवढं विचारा: ओल्या जागांचे सांधे कशाने भरणार?

घासणार कोण?

पूर्वी आपल्या घरात शेणाची सारवण होती. पोत्याच्या बोळ्याने दर आठवड्याला घरातली बाई जमीन सारवायची. मग शहाबादी आली, मग टाइल्स. काम कमी व्हावं, हेच या बदलामागे होतं. पण व्हाइट सिमेंटच्या फटीने ते काम मागच्या दाराने परत आणलं. आजही दिवाळीच्या आधी घरोघरी कुणीतरी गुडघ्यावर बसून जुन्या टूथब्रशने फटी घासताना दिसतं. ते 'कुणीतरी' बहुतेक वेळा घरातली बाई असते किंवा धुण्याभांड्याला येणारी मावशी. ॲसिडचा वासही तिच्याच नाकात जातो आणि हातांची आगही तिचीच होते.

टाइल्स निवडायला सगळं घर जातं. व्हाइट सिमेंट आणायला जो जातो, तो पुढे ती फट कधी घासत नाही. माझ्या मते खरी गडबड इथे आहे. खर्च ठरवणारा एक आणि भोगणारी दुसरीच. म्हणून या हंगामात ज्यांच्याकडे फरशीचं काम निघणार आहे, त्यांना एकच सांगणं. टाइल्सच्या दुकानात ऑर्डर देण्याआधी घरात फरशी कोण पुसतं ते आठवा, त्या माणसाला सोबत न्या आणि ग्राउट कोणतं घ्यायचं हे तिलाच ठरवू द्या. दोन किलोचाच प्रश्न आहे.